कोपऱ्यातला आकडा

२०१८च्या जानेवारीत, आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी, घरातले सगळे नंदीध्वजांच्या काठ्या बघायला गेले आणि मी एकटी मागं राहिले. अशोक चौकाच्या मागच्या आमच्या गल्लीत एरवी मागांची खटखट दिवसरात्र चालते. त्या दिवशी यात्रेची सुट्टी होती, माग बंद होते, आणि एवढ्या शांततेची सवय नसल्यानं उगीचच अस्वस्थ वाटत होतं. समोर लॅपटॉप होता. पडद्यावर तीच ओळ होती जी आदल्या रात्री होती, आणि तिच्या आदल्या रात्रीही.

मी जँगो शिकत होते. पायथन भाषेत लिहिलेलं हे वेब फ्रेमवर्क. लॉगिन, डेटाबेस, फॉर्म, पानं दाखवणं ही प्रत्येक वेबसाइटला लागणारी कामं त्यात आधीच बांधून ठेवलेली असतात. आपण आपल्या गरजेपुरतं त्यावर रचायचं. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. माग बिघडला की पहिली हाक त्यांना. सूत किती आलं, कुठल्या मागावर किती माल निघाला, कुठल्या पार्टीला किती गेला, हे सगळं तेव्हा वह्यांत असायचं, आणि वर्षअखेरीला त्या वह्या जुळवताना दिवाणजींचे आठ-दहा दिवस जायचे. बी.एस्सी. झालेली मुलगी घरात आहे तर तिनं कॉम्प्युटरवर एक रजिस्टर करून द्यावं, असं मालक वडिलांना सहज बोलून गेले. वडिलांनी ते सहज घेतलं नाही. घरी येऊन मला म्हणाले, "हो म्हणून आलोय."

म्हणून मी एका व्हिडिओमालिकेवरून शिकायला बसले. शिक्षक खरंच चांगला होता, सावकाश सांगायचा, प्रत्येक ओळ टाइप करून दाखवायचा. मीही त्याच्यासोबत प्रत्येक ओळ टाइप करत होते. सातव्या भागात त्यानं डेटाबेसमधले दोन तक्ते एकमेकांना जोडले, त्याचं चाललं, माझं अडलं. एक आवश्यक गोष्ट दिलेली नाही, एवढंच पडद्यावर येत होतं. त्या गोष्टीचं नाव ऑन-डिलीट. व्हिडिओत शिक्षकानं ती कुठंच दिली नव्हती. मी अक्षर न् अक्षर ताडून बघितलं. पायथन काढून परत टाकला. दुसऱ्या रात्री तर मला खात्रीच पटली की हे आपल्या आवाक्यातलं काम नाही, आणि वडिलांना मालकांसमोर खाली बघावं लागणार. हे दुसरं जास्त बोचत होतं.

त्या शांत दुपारी मी पहिल्यांदा व्हिडिओखालची तारीख बघितली. अडीच वर्षांपूर्वीची होती. मग माझ्या लॅपटॉपवर जँगोची कुठली आवृत्ती आहे ते विचारलं. उत्तर आलं, २.०. ती आवृत्ती २ डिसेंबर २०१७ला प्रसिद्ध झाली होती, म्हणजे मी शिकायला बसण्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी. इन्स्टॉल करताना मी आकडा सांगितला नव्हता, त्यामुळं ताजी आवृत्ती आली होती. शिक्षक १.८वर शिकवत होता. तो चुकला नव्हता, मीही चुकले नव्हते, आमचे काळ वेगळे होते. आणि त्या जानेवारीत जँगोबद्दल नेटवर जे काही साठलेलं होतं, ते जवळजवळ सगळं एकच्या मालिकेतलं होतं.

जँगोच्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीच्या रिलीज नोट्स असतात. मी २.०च्या उघडल्या. लांबलचक पान. नवं काय आलं ते सुरुवातीला, मागच्याशी न जुळणारे बदल मधे, आणि तळाशी या आवृत्तीतून काढून टाकलेल्या गोष्टींची यादी. तिथं साध्या इंग्रजीत लिहिलेलं होतं की दोन तक्ते जोडताना ऑन-डिलीट देणं आता सक्तीचं आहे. दोन रात्रींचं उत्तर एका वाक्यात. त्या वाक्याच्या मागं मी गेले तेव्हा कळलं की ही सूचना आधीच १.९मध्ये, डिसेंबर २०१५मध्ये, दिलेली होती. म्हणजे दोन वर्षं आधी ते सांगत होते की बाबांनो, ही सवय सोडा, आम्ही हे बंद करणार आहोत. जे जँगो वापरत होते त्यांना दोन वर्षांची मुदत होती. मी मुदत संपल्यावर दारात आले होते.

संध्याकाळी वडील आले तेव्हा मी त्यांना विचारलं, "एखादी पार्टी आपण रजिस्टरमधून पुसली, तर तिच्या जुन्या पावत्यांचं काय करायचं?"

ते माझ्याकडं बघत राहिले. "पावती कशी पुसेल कुणी? पार्टी गेली तरी हिशेब राहतो की."

ऑन-डिलीट म्हणजे हाच प्रश्न. पूर्वी जँगो तो आपल्याला विचारतच नसे. पार्टीची नोंद पुसली की तिच्याशी जोडलेल्या सगळ्या नोंदी गुपचूप पुसून टाकत असे. आता ते विचारतं, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. सोबतच्या नोंदीही पुसायच्या, की जागा रिकामी ठेवायची, की जोवर पावत्या आहेत तोवर पार्टी पुसूच द्यायची नाही? वडिलांचं उत्तर तिसरं होतं, आणि जँगोत त्याला नाव आहे 'प्रोटेक्ट'. ज्या बदलानं माझ्या दोन रात्री खाल्ल्या त्यानं कारखान्याच्या पावत्या वाचवल्या. शिक्षकासारखंच मी लिहिलं असतं आणि ते चाललं असतं, तर कधीतरी दिवाणजींनी एक जुनी पार्टी पुसली असती आणि पाच वर्षांचा हिशेब तिच्यासोबत गेला असता.

तेव्हापासून कुठलंही पान उघडलं की माझी नजर आधी कोपऱ्यात जाते. जँगोच्या दस्तऐवजांत उजवीकडं खालच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा असतो. त्यावर क्लिक केलं की तेच पान दुसऱ्या आवृत्तीसाठी उघडतं. आणि जी आवृत्ती आता सांभाळली जात नाही तिच्या पानाच्या माथ्यावर ठळक पट्टी असते, की ही आवृत्ती असुरक्षित आहे, हिचा आधार संपलेला आहे, नवी घ्या. शोधयंत्रातून येणारा माणूस बहुतेक वेळा अशाच जुन्या पानावर उतरतो. मला ती पट्टी फार आवडते. आपण लिहिलेलं पान आता जुनं झालंय हे पानानंच सांगणं, असा प्रामाणिकपणा मी पुस्तकांत बघितलेला नाही, व्हिडिओत तर शक्यच नाही. व्हिडिओ एकदा चढवला की तो तसाच राहतो. वर्षानुवर्षं तो बघितला जातो, त्याचे आकडे वाढतात, आणि जितका जुना तितका तो यादीत वर येतो. प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवरही तेच. सगळ्यात जास्त पसंती मिळालेलं उत्तर बहुधा सगळ्यात जुनं असतं, कारण पसंती गोळा करायला त्याला सर्वांत जास्त वर्षं मिळालेली असतात.

ही पानं इतकी ताजी कशी राहतात, याचं कारण मला बरंच उशिरा कळलं. जँगोचे दस्तऐवज आणि जँगोचा कोड एकाच कोठारात राहतात. कुणी नवी सोय लिहिली तर तिची चाचणी आणि तिची माहिती सोबत लिहून द्यावी लागते. नसेल तर ती सोय आत घेत नाहीत. आधी वस्तू बाजारात आणू, माहितीपत्रक पुढं बघू, असं तिथं नाही. जेकब कॅप्लन-मॉस हे जँगोच्या सुरुवातीच्या शिल्पकारांपैकी एक, आणि दस्तऐवज ही दुय्यम गोष्ट नाही याचा आग्रह धरणाऱ्यांतले अग्रणी. पानांची रचनाही विचारपूर्वक आहे. हाताला धरून नेणारे पाठ वेगळे, एखादा विषय मुळापासून समजावणारी प्रकरणं वेगळी, 'अमुक कसं करायचं' याची उत्तरं वेगळी, आणि प्रत्येक शब्दाचा कोश वेगळा. नवशिके पाठ संपवतात आणि थेट कोशात घुसतात, आणि मग हरवतात. माझं मत विचाराल तर सगळा जीव त्या दुसऱ्या खोलीत आहे, विषय समजावणाऱ्या प्रकरणांत. ती मी गोष्टी वाचाव्यात तशी वाचली आहेत. हे सगळं पीडीएफ किंवा ई-पुस्तक म्हणून उतरवूनही घेता येतं. पुण्याला कामासाठी हुतात्मा एक्सप्रेसनं जायचे तेव्हा कुर्डुवाडी सुटली की नेट येत-जात राहायचं, आणि मी मोबाइलवर उतरवून घेतलेली डेटाबेसवरची प्रकरणं वाचत दौंडपर्यंत जायचे.

असंच एक प्रकरण वेळेवर आहे. रजिस्टर सुरू होऊन महिना झाला असेल. वडील एका सकाळी म्हणाले, "तुझ्या रजिस्टरमध्ये दिवस साडेपाचला बदलतोय."

रात्रपाळीत दोन वाजता निघालेला माल आदल्या दिवसात दिसत होता, सहा वाजता निघालेला नव्या दिवसात. मला एक-दोन चुकीच्या नोंदी वाटल्या होत्या. त्यांनी मात्र आठवडाभर मालाचे गठ्ठे आणि पडद्यावरची बेरीज शेजारी ठेवून बघितली होती, आणि रेघ बरोबर साडेपाचवर आहे हे शोधून काढलं होतं. जॉबरचं काम हेच. माग कधीमधी बिघडतो असं ते कधी म्हणत नाहीत, कितव्या फेऱ्याला बिघडतो ते मोजतात.

साडेपाच ऐकलं आणि मला उत्तर मिळालं. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढं. जँगो नवा प्रकल्प सुरू करताना वेळेचा विभाग जागतिक प्रमाणवेळ धरून देतं आणि तो बदलायचं काम आपल्यावर सोडतं. तिथं 'एशिया/कोलकाता' लिहिलं की झालं. पण मला खोड म्हणून मी ती ओळ सबंध काढून बघितली, की काहीच सांगितलं नाही तर जँगो काय धरतं. घड्याळ साडेअकरा तास मागं गेलं. कोशात बघितलं, तर मूळ गृहीत 'अमेरिका/शिकागो' आहे. शिकागोच का?

तिथून मी मुळापर्यंत गेले. अमेरिकेत कॅन्सास राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, लाखाच्या आतल्या वस्तीचं, आपल्या सोलापूरच्या मानानं अगदी लहान. तिथं 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' हे स्थानिक दैनिक. २००३मध्ये त्या दैनिकाच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि इंग्लंडहून वर्षभराच्या कामासाठी आलेला विद्यार्थी सायमन विलिसन यांनी आपल्या रोजच्या गरजेसाठी हे लिहायला घेतलं. बातमीदारांना संध्याकाळपर्यंत काहीतरी उभं करून हवं असायचं, कधी निवडणुकीचे आकडे, कधी सामन्यांचे निकाल. म्हणून भरभर बांधता यावं, आणि बातमीदाराला प्रोग्रॅमिंग न येता मजकूर भरता यावा. जँगोचा ॲडमिन, म्हणजे आपोआप तयार होणारा नोंदी भरायचा पडदा, त्या बातमीदारांसाठी जन्मला. जुलै २००५मध्ये त्यांनी ते सगळ्या जगासाठी खुलं केलं. कॅन्सासच्या त्या भागाचं घड्याळ शिकागोच्या घड्याळाबरोबर चालतं. त्या न्यूजरूमच्या भिंतीवरची वेळ आजही कोडच्या तळाशी बसून आहे.

हे वाचलं त्या दिवशी जँगो मला परकं वाटायचं थांबलं. ही वस्तू बड्या कंपनीच्या प्रयोगशाळेत झालेली नव्हती. एका लहान गावातल्या छापखान्याशेजारी, उद्याच्या कामासाठी झालेली होती. दिवाणजी ज्या पडद्यावर सुताची आवक भरतात तो पडदा लॉरेन्सच्या बातमीदारांचा. नावसुद्धा तसंच जिव्हाळ्याचं, जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. १९२८मध्ये आगीत त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अधू झाली आणि उरलेल्या दोन बोटांवर त्यांनी आपली नवी पद्धत बसवली. स्पेलिंगमधल्या पहिल्या अक्षराचा उच्चार होत नाही. आमच्याकडं येणारी मुलं पहिल्या दिवशी 'डी-जँगो' म्हणतात. मी त्यांना ही बोटांची गोष्ट सांगते, मग ती विसरत नाहीत.

ही मुलं दर रविवारी सकाळी येतात. आता मी घरूनच पुण्यातल्या कंपनीचं काम करते, आणि पुढची खोली रविवारी रिकामी असते. चार-पाच जण असतात, बी.सी.ए., बी.एस्सी.चे. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, आणि आपसात सोलापुरी मराठी. मला कुणी ताई म्हणतं, कुणी अक्का. हुशारीत कुणी कमी नाही. अडतात ती इंग्रजीच्या भीतीपाशी. दस्तऐवजाचं पान उघडलं की डोळे उतारावर भरभर घसरतात, कोडच्या चौकटीवर थांबतात, तेवढी चौकट उचलतात. चौकटीच्या वर-खाली जे लिहिलेलं असतं ते वाचलं जात नाही, आणि नेमकं तिथंच 'हे का' लिहिलेलं असतं.

म्हणून आम्ही मोठ्यानं वाचतो. एकानं एक परिच्छेद वाचायचा आणि त्याला जे कळलं ते मराठीत सांगायचं. चुकलं तरी चालेल. दोन-तीन रविवार गेले की त्यांच्या लक्षात येतं की या पानांचं इंग्रजी अवघड नाही. वाक्यं लहान आहेत, शब्द तेच ते परत येतात. आम्ही शब्दांना आपले शब्द शोधतो. 'डेप्रिकेटेड'ला काय म्हणायचं यावर एक अख्खी सकाळ गेली. एक मुलगा म्हणाला, कालबाह्य. पण कालबाह्य म्हणजे संपलेलं, आणि हे अजून चालू असतं. कुणी म्हणालं, रिटायर होणार. शेवटी जिची आई विड्या वळते ती मुलगी म्हणाली, "मुदत दिलेलं." तोच शब्द आम्ही ठेवला. आजही ती मुलं रिलीज नोट्स उघडल्या की विचारतात, मुदत कशाला दिलीय?

अगदी कोऱ्या पाटीनं येणाऱ्यांना मी आधी 'जँगो गर्ल्स'चा पाठ देते. ओला सिटार्स्का आणि ओला सेंडेत्स्का या दोघींनी २०१४मध्ये बर्लिनला मुलींसाठी पहिली कार्यशाळा घेतली, त्यासाठी हा पाठ लिहिला आणि सगळ्यांना मोफत खुला ठेवला. इंटरनेट म्हणजे काय, काळी खिडकी उघडून तिच्यात आज्ञा कशी द्यायची, इथपासून तो सुरू होतो. आपल्याला काहीच येत नाही हे तिथं लपवावं लागत नाही. माझ्या वेळी मला कुणी हा पाठ दाखवला असता तर त्या दोन रात्रींत मी एवढी एकटी नसते. तो झाला की जँगोचा स्वतःचा, मतदानाच्या ॲपचा पाठ. त्याचे आठ भाग आहेत. तो मी तीनदा करायला लावते. पहिल्यांदा बघून, दुसऱ्यांदा न बघता, तिसऱ्यांदा मतदानाऐवजी आपल्या घरातलं काहीतरी घेऊन. एकीनं बचत गटाचे हप्ते घेतले होते, एकानं वडिलांच्या रिक्षाचा रोजचा हिशेब.

आता मुलं एआयलाही विचारतात, आणि विचारू नका असं मी म्हणत नाही. पण मी बघितलंय, आवृत्ती सांगितली नाही तर एकाच फाइलमध्ये २०१५चं आणि २०२५चं कोड शेजारी येतं. पत्ते लिहायची जुनी 'यूआरएल' पद्धत ४.०मध्ये, डिसेंबर २०२१मध्ये, कायमची गेली, तरी ती अजून उत्तरांत येते, कारण तिच्याबद्दल इतकी वर्षं इतकं लिहिलं गेलंय. उत्तर आलं की मी मुलांना दस्तऐवजातलं ते पान उघडायला लावते. प्रत्येक वर्गाच्या, म्हणजे कोडमधल्या 'क्लास'च्या, नावाशेजारी 'सोर्स' असा दुवा असतो, तो खऱ्या कोडवर नेतो. पहिल्यांदा तिथं जाताना सगळे दबकतात. देवळाच्या गाभाऱ्यात जावं तसे. आणि आत गेल्यावर कळतं की ते आपण लिहितो त्याच पायथनमध्ये लिहिलेलं आहे, मधे मधे कुणीतरी समजावणाऱ्या टिपाही लिहून ठेवल्या आहेत.

शिकणं एवढ्यावर होतं. पण मला खरं बोलायचंय ते त्यानंतरच्या वर्षांबद्दल, कारण पाठ संपला की मुलं मोकळी होतात आणि तिथंच त्यांची बनवलेली वस्तू म्हातारी व्हायला लागते.

टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात. एकावर खालच्या पक्क्या विणीचं सूत, दुसऱ्यावर टॉवेलला फुगवटा देणाऱ्या वेटोळ्यांचं. वेटोळ्यांना सूत जास्त लागतं, म्हणून तो बीम आधी संपतो. दोन्ही एकदम कधीच संपत नाहीत. बीम संपत आला की माग सगळा मोकळा करत नाहीत. नव्या बीमचा प्रत्येक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला गाठ मारून जोडतात. हजारो धागे. मग हळूहळू ओढून त्या गाठी फणीतून पुढं काढतात, आणि माग परत चालू. जुना धागा पूर्ण संपू दिला तर टोक हरवतं, आणि सगळं पहिल्यापासून ओवावं लागतं. लहानपणी डबा द्यायला गेले की मी हे काम बघत बसायचे. बोटं दिसायची नाहीत इतकी भरभर चालायची.

जँगोची नवी आवृत्ती साधारण आठ महिन्यांनी येते. तीन आवृत्त्यांतली एक दीर्घ मुदतीची असते, तिला तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. २.२ एप्रिल २०१९ला आली, ३.२ एप्रिल २०२१ला, ४.२ एप्रिल २०२३ला, ५.२ एप्रिल २०२५ला. कारखान्याचं रजिस्टर या पायऱ्यांनी वर आलंय. दुसरा बीम पायथनचा, तो आपल्या चालीनं संपतो. त्याची नवी आवृत्ती आता दर ऑक्टोबरला येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. दोन्हींकडं लक्ष ठेवावं लागतं.

२०२३मध्ये मी ३.२वरून ४.२वर जाताना घाई केली. ४.२च्या रिलीज नोट्स नीट वाचल्या, मधल्या ४.० आणि ४.१च्या सोडल्या. रात्री सर्व्हरवर चढवलं, माझ्या लॅपटॉपवर सगळं चालत होतं. सकाळी सात वाजता दिवाणजींचा फोन आला, "बाई, आत घेत नाहीये." गाडी भरून उभी होती आणि चलन निघत नव्हतं. ज्या पत्त्यांवर विश्वास ठेवायचा त्यांची यादी सेटिंग्जमध्ये असते, ४.०पासून त्या पत्त्याच्या आधी 'एचटीटीपीएस' आणि त्यापुढची चिन्हं पूर्ण लिहावी लागतात. माझ्या यादीत नुसतं नाव होतं. ४.०च्या नोट्समध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे. गाडी पाऊण तास थांबली. मालक मला काही बोलले नाहीत, वडीलही नाहीत, पण त्या पाऊण तासात वडील गाडीशेजारी उभे होते हे मला नंतर ड्रायव्हरकडून कळलं.

त्यानंतर मी मधली एकही सोडत नाही. दस्तऐवजांतलं अपग्रेडचं पान हेच सांगतं: एक एक आवृत्ती पुढं जा, प्रत्येकीच्या नोट्स वाचा, चाचण्या चालवताना पायथनला इशारे दाखवायला सांगा. हे इशारे एरवी लपलेले असतात. एक छोटी खूण आज्ञेत जोडली की ते बाहेर येतात, फाइलच्या नावासकट, ओळीच्या आकड्यासकट: अमुक गोष्टीला मुदत दिली आहे, अमुक आवृत्तीत जाईल. मला ते इशारे वाचायला आवडतात. इतक्या लांबून, ज्यांना माझं नाव माहीत नाही अशा माणसांनी माझ्या कारखान्याचं काम अडू नये म्हणून आधीच ठेवलेली ती चिठ्ठी असते. त्यातली बरीच माणसं हे फुकट करतात. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठीचं नावही अशाच स्वयंसेवकांमुळं आहे. सेटिंग्जमध्ये 'एमआर' लिहिलं की जेवढं कुणी भाषांतरित केलेलं असेल तेवढं मराठीत दिसतं, उरलेलं इंग्रजीत राहतं. उरलेलं आपण करू शकतो, हे मी मुलांना सांगितलंय. दोघींनी यादी काढायला घेतली आहे.

२०२६च्या जानेवारीत ४.२चे शेवटचे तीन महिने उरले होते. यात्रेची सुट्टी म्हणजे कारखाना बंद, रात्रपाळीही नाही, जोडायला याच्याइतका मोकळा वेळ वर्षात दुसरा नाही. तैलाभिषेकाच्या दिवशी मुलं आली आणि आम्ही ५.०, ५.१, ५.२ अशा ओळीनं तिन्ही नोट्स मोठ्यानं वाचल्या. तीन ठिकाणी आमचं अडणार होतं. दोन सेटिंग्ज बदलाव्या लागणार होत्या, ती पाच मिनिटांची कामं. तिसरं होतं 'बाहेर पडा'.

आमच्या रजिस्टरमध्ये बाहेर पडायला साधा दुवा होता, आणि ५.०पासून नुसत्या दुव्यानं बाहेर पडता येत नाही. फॉर्म पाठवावा लागतो, म्हणजे बटण लागतं. मुलांनी विचारलं, का? आम्ही शोधलं. दुवा नुसता उघडला तरी काम होतं, आणि दुवा कुणीही उघडू शकतं. ब्राउझर आपणहून आधीच पान आणून ठेवतो तेव्हा, किंवा दुसऱ्या एखाद्या पानानं चित्राच्या नावाखाली तो पत्ता दडवला तेव्हा. माणूस काहीही न करता बाहेर फेकला जातो. म्हणून ४.१मध्येच याला मुदत दिली होती, ऑगस्ट २०२२मध्ये. विडी वळणाऱ्या आईच्या त्या मुलीनं दुव्याचं बटण केलं, तीन ओळी बदलल्या. आम्ही इशारे चालू करून चाचण्या चालवल्या. दोन इशारे आले, ते मिटवले, परत चालवल्या, काही आलं नाही.

अक्षतांच्या दिवशी दुपारी मी ते चढवलं आणि सगळ्यांबरोबर नंदीध्वज बघायला गेले. बाराबंदी घातलेली माणसं, सात काठ्या, आणि गर्दीत कुणीतरी माझ्या हातात दिलेल्या अक्षता.

रात्री घरी आल्यावर वडिलांनी मोबाइलवर रजिस्टर उघडलं. सुताची आवक बघितली, एका पार्टीच्या जुन्या पावत्या बघितल्या, बाहेर पडले, परत आत आले. मग फोन थोडा लांब धरून म्हणाले, "काहीच बदललेलं दिसत नाही की. गाठी कुठं आल्या?"

मी लॅपटॉप उघडून त्यांना त्या तीन ओळी दाखवल्या.